लिलावात निघालेली गादी

रोम हे इटली देशातले फार जुने शहर आहे. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी हे शहर एका अवाढव्य राज्याची राजधानी होते. पश्चिमेला ब्रिटन, पूर्वेला सीरिया, उत्तरेला डॅन्यूब नदी आणि दक्षिणेला आफ्रिकेचे वाळवंट, एवढा त्या राज्याचा पसारा होता. त्या वेळी आपल्याकडे सातवाहन राजे राज्य करीत होते. आपल्या किनाऱ्यावरून रोमच्या राज्याशी व्यापार चाले. कोल्हापुरात जमिनीखाली रोमन धर्तीची समुद्रदेवाची एक काशाची मूर्ती सापडली आहे. म्हणजे हे लोक आपल्या वाडवडिलांना अगदीच अनोळखी नव्हते.

या रोमच्या गादीची एक हकीकत आम्ही सांगणार आहोत. इ. स. १९३ सालची ही गोष्ट. एका बादशहाचा खून झाला. त्याच्यामागून एकाने पैसे मोजून गादी घेतली, तो ६६ दिवस टिकला. दुसरा तलवार घेऊन आला, तो जवळजवळ अठरा वर्षे टिकला. असे का झाले, ते आता पाहू.

आधी रोमचा कारभार कसा चाले ते समजून घ्या. नावाला तिथे सेनेट नावाची सभा होती. मोठमोठे जमीनदार आणि सरदार तिचे सभासद असत. बादशहाला मान्यता देण्याचे काम या सभेचे. पण सभेच्या हाती शस्त्र नव्हते. शस्त्र होते पलटणींच्या हाती, आणि पलटणी होत्या दूर सरहद्दीवर. खुद्द रोममध्ये बादशहाच्या रक्षणासाठी खास पलटण असे. आपण तिला हुजुरातीची पलटण म्हणू. शहराच्या कडेला तट घातलेल्या छावणीत हे शिपाई राहत. त्यांना पगार जास्त, काम कमी, लढाईवर जाणे क्वचित. नवा बादशहा झाला की त्याने या शिपायांना बक्षीस वाटायचे, असा रिवाज पडला होता. रिवाज कसला, ती चटकच होती म्हणा.

इ. स. १९२ च्या शेवटच्या दिवशी कॉमोडस नावाच्या बादशहाला त्याच्याच वाड्यातल्या माणसांनी मारवले. हा कॉमोडस उधळ्या आणि क्रूर होता. त्याच्यामागे पर्टिनॅक्स गादीवर आला. वय ६६. हा गुलामगिरीतून सुटलेल्या एका माणसाचा मुलगा. तरुणपणी तो शाळेत व्याकरण शिकवीत असे, पुढे सैन्यात गेला आणि चढत चढत सुभेदार झाला. आमचा जन्म मास्तरकीत गेला, म्हणून या माणसाबद्दल आम्हांला थोडी जास्त आपुलकी वाटते, हे कबूल केले पाहिजे. पण त्याने घाई केली हेही खरे. तिजोरी उघडून पाहतो तो खडखडाट. त्याने कॉमोडसच्या चैनीच्या वस्तू विकून हुजुरातीच्या शिपायांना पैसे दिले. मग लगेच त्यांना शिस्त लावायला निघाला. लूटमार बंद, मनमानी बंद. वर्गातल्या पोरांना शिस्त लावणे वेगळे आणि हातात नागव्या तलवारी असलेल्या माणसांना लावणे वेगळे.

२८ मार्च १९३ रोजी दोन-तीनशे शिपाई वाड्यात घुसले. म्हातारा पळून जाऊ शकला असता. तो पळाला नाही. समोर येऊन त्यांना समजावू लागला. काही शिपाई वरमलेही. पण एकाने पुढे होऊन वार केला. मग बाकीचे तुटून पडले. त्याचे मुंडके भाल्यावर खोचून शिपाई छावणीत परतले. त्याने एकंदर ८७ दिवस राज्य केले.

आता जे घडले ते ऐकून तुम्ही म्हणाल, असं कुठं असतं का? पण घडले खरे. त्या काळी सेनेटचा सभासद असलेल्या डिओ नावाच्या गृहस्थाने ते लिहून ठेवले आहे, आणि तो तेव्हा रोममध्येच होता.

शिपायांनी छावणीचे दरवाजे लावून घेतले. आत पर्टिनॅक्सचा सासरा सुल्पिसियानस होता. तो शहराचा मुख्य अंमलदार. शिपायांना शांत करायला पर्टिनॅक्सनेच त्याला तिथे पाठवले होते. जावयाचे रक्त अजून वाळले नव्हते, आणि हा सासरा म्हणू लागला, मलाच बादशहा करा! तेवढ्यात तटाबाहेर दिडियस जुलियानस नावाचा एक श्रीमंत सभासद आला. त्यालाही गादी हवी होती. झाले! आतून एक बोली, बाहेरून एक बोली. शिपाई मध्ये धावपळ करीत, याचा आकडा त्याला सांगत, त्याचा याला सांगत. बैलबाजारात दलाल करतात तसे.

बोली चढत चढत गेली. सासरा दर शिपायाला २०,००० सेस्टर्सपर्यंत आला. सेस्टर्स हे तिकडचे नाणे. सरहद्दीवरच्या साध्या शिपायाला तेव्हा वर्षाला १,२०० सेस्टर्स पगार होता, यावरून रक्कम केवढी ते ध्यानात येईल. जुलियानसने एकदम ५,००० वाढवले. मोठ्याने ओरडून, बोटांनी खुणा करून त्याने सांगितले, पंचवीस हजार! शिवाय शिपायांना बजावले, की तुमच्या हातून ज्याचा जावई मेला त्याला गादीवर बसवाल तर तो उद्या सूड घेईल. शिपायांना हे पटले. सौदा झाला. वीस वर्षांच्या पगाराएवढी रक्कम एकेका शिपायाला कबूल करून जुलियानस बादशहा झाला.

त्या संध्याकाळी शिपायांच्या घोळक्यात तो सेनेटमध्ये आला. सभासद बिचारे काय करणार? डिओ लिहितो की आपण घाबरलो आहोत असा संशय येऊ नये म्हणून आम्ही आंघोळ केली, जेवलो, आणि मग शिपायांमधून वाट काढीत सभेला गेलो. सभेने मान्यता दिली.

रोमच्या सामान्य माणसांनी मात्र दिली नाही. दुसऱ्या दिवशी जुलियानस बाहेर पडला तेव्हा लोकांनी त्याला शिव्या घातल्या, दगड मारले. त्याने पैसे देऊ केले तर म्हणाले, नको तुझे पैसे. मग ते शर्यतीच्या मैदानात जाऊन बसले. रात्रभर उपाशी बसले आणि सीरियाचा सुभेदार नायगर याच्या नावाने हाका मारू लागले, की ये आणि आम्हांला सोडव. आम्हांला या हकीकतीत हे लोक फार मोलाचे वाटतात. सरदार गप्प बसले, आणि हे हातात दगडाशिवाय काही नसलेले लोक बोलले.

बातमी सरहद्दीवर पोचली. तिथे तीन सुभेदार जबरदस्त होते. सीरियात नायगर, ब्रिटनमध्ये अल्बायनस आणि डॅन्यूबच्या काठी सेप्टिमियस सेव्हेरस. प्रत्येकाच्या हाताखाली तीन तीन पलटणी. हा सेव्हेरस आफ्रिकेतला, आज ज्याला लिबिया म्हणतात त्या देशातल्या लेप्टिस मॅग्ना गावचा. वय पन्नाशीच्या आत. ९ एप्रिल १९३ रोजी डॅन्यूबकाठच्या कार्नुंटम येथील छावणीत त्याच्या शिपायांनी त्यालाच बादशहा म्हणून जाहीर केले. खून होऊन दोन आठवडेही झाले नव्हते.

इथून पुढे त्याने टाकलेली पावले नीट पाहण्यासारखी आहेत.

गादी मला हवी, असे तो म्हणाला नाही. तो म्हणाला, मी पर्टिनॅक्सच्या खुनाचा बदला घ्यायला निघालो आहे. पर्टिनॅक्सने पूर्वी डॅन्यूबकडे काम केले होते, तिकडच्या शिपायांना तो माहीत होता. त्यामुळे ही भाषा त्यांच्या काळजाला भिडली. ऱ्हाइन आणि डॅन्यूब या दोन्ही नद्यांवरच्या पलटणी त्याच्या बाजूला आल्या.

पण त्याच्या दोन बाजूंना दोन प्रतिस्पर्धी होते. दोघांशी एकदम वैर करणे परवडणारे नव्हते. त्याने ब्रिटनच्या अल्बायनसला पत्र धाडले, की तुला मी सीझर ही पदवी देतो. सीझर म्हणजे युवराज म्हणा. माझ्यामागे गादी तुझी. अल्बायनसला आनंद झाला, तो जागच्या जागी बसून राहिला. पाठीमागची काळजी अशी एका पत्राने मिटली. निदान त्या वेळेपुरती.

आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे वेळ. नायगर फार लांब सीरियात होता. सेव्हेरसला रोम जवळ पडे. जवळ म्हणजे तरी हजार किलोमीटरांच्या वर, मध्ये डोंगर, आणि सगळा प्रवास पायी. तो थांबला नाही. सहाशे निवडक माणसे रात्रंदिवस त्याच्याभोवती असत. रोम येईपर्यंत त्यांनी अंगावरचे चिलखत उतरवले नाही असे सांगतात.

इकडे रोममध्ये जुलियानसची काय तारांबळ उडाली! सेनेटकडून त्याने सेव्हेरसला राज्याचा शत्रू ठरवून घेतले. त्याला ठार मारायला माणसे पाठवली. शहराबाहेर खंदक खणायला घेतले. हुजुरातीच्या शिपायांना खणण्याची सवय कुठली? ते मजूर लावून आपले काम उरकून घेत. आरमारातले खलाशी आणले, त्यांना कवायत येईना. लढाईसाठी हत्ती तयार करायला गेले, तर हत्तींनी पाठीवरच्या अंबाऱ्याच काय, माहूतही फेकून दिले. डिओ म्हणतो, हे पाहून आम्हांला हसू येई. शेवटी जुलियानस म्हणाला, सेव्हेरसने अर्धे राज्य घ्यावे, दोघे मिळून राज्य करू. सेव्हेरसने ते धुडकावून लावले. जे सगळे हाती येणार त्यातले अर्धे कोण घेतो?

मग सेव्हेरसने हुजुरातीच्या शिपायांना निरोप पाठवला. पर्टिनॅक्सला ज्यांनी मारले त्यांना आमच्या हवाली करा, बाकीच्यांना आमचा त्रास नाही. एवढे ऐकताच त्या शिपायांनी आपलेच सोबती पकडून दिले. पंचवीस हजारांना गादी विकणारे हे लोक, धन्याला विकायला त्यांना कितीसा वेळ लागणार? सेनेटने ताबडतोब सभा भरवली. जुलियानसला मरणाची शिक्षा, सेव्हेरसला गादी आणि पर्टिनॅक्सला देवपद, असे तीन ठराव एका बैठकीत झाले. जून महिन्याच्या आरंभी जुलियानस वाड्यातच मारला गेला. मरताना तो विचारीत होता, की मी कोणाचे काय वाईट केले, मी कोणाला मारले?  त्याने गादी विकत घेतली होती.

आता हुजुरातीच्या पलटणीचे काय करायचे? या लोकांनी एका बादशहाला मारले आणि दुसऱ्याला वाऱ्यावर सोडले. तिसऱ्याने त्यांच्यावर भरवसा ठेवावा तरी कसा? सेव्हेरसने रोमच्या बाहेरच मुक्काम ठोकला आणि हुकूम काढला, की हुजुरातीच्या सर्व शिपायांनी सणाच्या पोशाखात, हत्यारे छावणीत ठेवून, नव्या बादशहाच्या भेटीला यावे. ते नटून थटून आले. जमल्यावर पाहतात तो चारी बाजूंनी डॅन्यूबच्या शिपायांचा वेढा. तेवढ्यात दुसऱ्या तुकडीने मागे जाऊन त्यांची रिकामी छावणी ताब्यात घेतलेली. सेव्हेरसने त्यांना खडसावले. ज्यांनी प्रत्यक्ष खून केला होता त्यांना त्याने आधीच मारवले होते. बाकीच्यांचे पट्टे, खंजीर, पोशाख काढून घेतले, घोडे काढून घेतले, आणि रोमपासून शंभर मैलांच्या आत पाऊल टाकाल तर जीव जाईल असे सांगून हाकलून दिले.

त्यांतल्या एकाचा घोडा काही केल्या धन्याला सोडीना. खिंकाळत त्याच्यामागे चालत राहिला. शेवटी त्या शिपायाने घोड्याला मारले आणि स्वतःलाही. डिओने हे लिहिले आहे. राजकारणाच्या पुस्तकात एका घोड्यासाठी जागा ठेवणारा हा माणूस आम्हांला आवडतो.

रक्ताचा मोठा सडा न पाडता सेव्हेरसने हे काम केले. एका हुकमाने आणि एका वेढ्याने. मग ९ जूनला तो शहरात शिरला. वेशीवर त्याने लष्करी पोशाख उतरवला, नागरिकाचे वस्त्र नेसला आणि पायी चालत गेला. पण त्याच्यामागून सबंध फौज हत्यारांनिशी चालली होती. लोकांनी काय समजायचे ते समजले.

सेनेटमध्ये त्याने शपथ घेतली, की कोणा सभासदाला मी ठार मारणार नाही. तेवढ्यात त्याचे स्वतःचे शिपाई ओरडू लागले, आम्हांला माणशी दहा हजार द्या! त्याने कशीबशी समजूत घालून प्रत्येकी एक हजारावर भागवले. म्हणजे ज्या आगीपासून तो वाचला होता ती त्याच्याही घरात धुमसत होतीच.

पर्टिनॅक्सचा अंत्यविधी त्याने मोठ्या थाटाने केला. प्रेत कधीच पुरून झाले होते. म्हणून मेणाचा पुतळा केला. पुतळा जणू झोपला आहे अशा रीतीने एक मुलगा मोरपिसांच्या पंख्याने त्याच्यावरच्या माश्या वारीत उभा होता. मग तीन मजली चिता पेटली आणि तिच्यातून एक गरुड उडाला. खून झालेल्या माणसाचे नावही सेव्हेरसने आपल्या नावापुढे जोडले. यात मनापासून किती आणि दाखवायला किती, हे कोण सांगणार! पण लोकांना पर्टिनॅक्स हवासा वाटत होता, आणि त्याचा वारस म्हणवून घेण्यात फायदा होता, हे तर उघड आहे.

हुजुरातीची नवी पलटण त्याने उभारली ती आपल्या डॅन्यूबच्या शिपायांतून. आधी या पलटणीत इटलीतली मुले भरती होत. त्यांची ती वाट बंद झाली. मग त्यांतली किती तरी वाटमारीला लागली, अशी डिओची तक्रार आहे.

यानंतर महिनाभरात तो पूर्वेकडे निघाला. नायगर अजून बाकी होता. नायगरची आणि पूर्वेकडच्या अंमलदारांची मुले रोममध्ये होती, ती सेव्हेरसने ओलीस धरली. इ. स. १९४ मध्ये इसस या ठिकाणी मोठी लढाई झाली. पूर्वी शिकंदराने इराणच्या दारा बादशहाला जिथे हरवले तेच हे ठिकाण. नायगर हरला, पळाला आणि पकडून मारला गेला. बायझँटियम शहर, आजचे इस्तंबूल, मात्र नायगरच्या बाजूने जवळजवळ तीन वर्षे लढले. तिथल्या बायांनी आपले केस कापून दिले आणि त्यांचे दोर वळले गेले. अखेर उपासमारीने शहर पडले.

नायगर गेल्यावर युवराज अल्बायनसची गरज उरली नाही. इ. स. १९५ मध्ये सेव्हेरसने एक नवलच केले. मार्कस ऑरेलियस नावाचा थोर बादशहा इ. स. १८० मध्ये वारला होता. मी त्याचाच मुलगा, असे सेव्हेरसने जाहीर केले. मेलेल्या माणसाला दत्तक! आपण दत्तक घेतो तेव्हा घेणारा जिवंत लागतो, इथे तोही नव्हता. ऑस्पेक्स नावाचा एक हजरजबाबी गृहस्थ म्हणाला, महाराज, अखेर तुम्हांला बाप मिळाला, अभिनंदन! थोरल्या मुलाचे नावही बदलून त्याने मार्कस ऑरेलियस अँटोनायनस ठेवले. आता वारस कोण ते अल्बायनसला कळले. त्याने बंड केले आणि फौज घेऊन तो आजच्या फ्रान्समध्ये उतरला.

१९ फेब्रुवारी १९७ रोजी ल्योन शहराजवळ दोन रोमन फौजा एकमेकींवर पडल्या. सेव्हेरसचा घोडा पडला, एक वेळ तो स्वतः संपल्यातच जमा होता. घोडदळ वेळेवर आले म्हणून वाचला. अल्बायनसने आत्महत्या केली. त्याचे मुंडके रोमला पाठवण्यात आले. मग सेव्हेरस परत आला आणि अल्बायनसच्या बाजूचे म्हणून सेनेटच्या २९ सभासदांना त्याने ठार मारले. चार वर्षांपूर्वीच्या शपथेचे काय झाले, हे विचारायला कोणी उभे राहिले नाही.

आता गादी पक्की झाली. कशाने पक्की झाली? शिपायांचा पगार त्याने वाढवला. सुमारे शंभर वर्षांत तो कोणी वाढवला नव्हता, तेव्हा वाढवणे गैर होते असे आम्ही म्हणणार नाही. बायकामुलांसह राहण्याची मोकळीक दिली, तीही माणुसकीचीच. रोमपासून थोड्या अंतरावर एक सबंध नवी पलटण कायमची ठेवली. पण या सगळ्याला पैसा लागतो. मारलेल्या लोकांच्या जमिनी जप्त झाल्या. चांदीच्या नाण्यात तांबे मिसळून चांदी जवळजवळ निम्म्यावर आणली गेली. नाण्यावर बादशहाचा मुखवटा तोच, पण आतला ऐवज उतरला. याची झळ शेवटी कोणाला लागते, ते बाजाराला जाणाऱ्या माणसाला सांगायला नको.

सेव्हेरस ४ फेब्रुवारी २११ रोजी ब्रिटनमध्ये यॉर्क शहरी आजाराने वारला. अंथरुणावर मेला, हीच त्या काळी मोठी गोष्ट. मरताना त्याने आपल्या दोन मुलांना सांगितले म्हणतात, की दोघे मिळून राहा, शिपायांना खूष ठेवा, बाकी कोणाची पर्वा करू नका.

मुलांनी त्यातले एकच ऐकले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात थोरल्या मुलाने धाकट्याला आईच्या मांडीवर मारवले. त्याला इतिहासात काराकाला म्हणतात. भावाचा खून होताच तो धावत सुटला, तो थेट हुजुरातीच्या छावणीकडे. तिथे त्याने शिपायांना भरमसाट पैसे कबूल केले, आणि त्यांनी त्याला एकट्याला बादशहा मानले. तो सहा वर्षेही टिकला नाही. इ. स. २१७ च्या एप्रिलात पूर्वेकडच्या मोहिमेवर असताना त्याच्याच पहाऱ्यातल्या एका शिपायाने त्याला भोसकले. त्याच्यामागे मॅक्रायनस नावाचा माणूस गादीवर बसला. तो हुजुरातीच्या पलटणीचा सरदार होता.